घरचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचे ओहम: जोडण्याआधी, जोडताना आणि जोडल्यावर काय तपासायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरात वाजणारा ॲम्प आणि स्पीकर एकाच कंपनीचा, एकाच वेळी घेतलेला संच क्वचितच असतो. ॲम्प ओळखीच्या मेकॅनिककडून असेंबल करून घेतलेला, बॉक्स जुन्या म्युझिक सिस्टिमचे, त्यातला वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) गाडीतून काढलेला. आणि गणपतीत किंवा बारशाला अंगणासाठी आणखी दोन बॉक्स त्याच टर्मिनलवर पिळून लावलेले. गाणे लागते, आवाजही बरा येतो. मग तासाभराने एक चॅनल (डावी किंवा उजवी बाजू) बंद पडतो आणि आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, ‘खराब निघाली’ असे ठरते. बहुतेक वेळा आयसी चांगली असते. तिच्यावर टाकलेला लोड, म्हणजे जोडलेल्या सगळ्या स्पीकरांचे मिळून ओहम, कुणी मोजलेला नसतो.

नियम एकच आहे. ट्रान्झिस्टर किंवा आयसीच्या ॲम्पला जेवढे किमान ओहम (करंटला होणाऱ्या अडथळ्याचे माप) ठरवून दिले आहेत, त्याखाली एका चॅनलवरचा एकूण लोड जाऊ द्यायचा नाही. लोड त्याहून जास्त ओहमचा असेल तर आवाज थोडा कमी मिळतो, ॲम्पचे काही बिघडत नाही. म्हणजे ४ ओहम चालणाऱ्या ॲम्पला ८ ओहमचा बॉक्स बिनधास्त लावा. उलटे करताना मात्र हा लेख पुढे ठेवूनच करा.

असे का, ते आकड्यांत बघू. ॲम्प स्पीकरला व्होल्टेज देतो. करंट किती जाईल ते स्पीकरचे ओहम ठरवतात. समजा एका आवाजाला आउटपुटवर २० व्होल्ट आहेत. ८ ओहमला २.५ अँपिअर जातील आणि ५० वॉट मिळतील. ४ ओहमला ५ अँपिअर आणि १०० वॉट. २ ओहमला १० अँपिअर आणि हिशेबाने २०० वॉट. पण घरगुती ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर तेवढे देऊ शकत नाही, व्होल्टेज बसते, आवाज फाटतो आणि ट्रान्झिस्टर तापत राहतात. ओहम निम्मे झाले की हीटसिंकवरची उष्णता साधारण दुप्पट होते. ‘चार ओहमचा लावला की आवाज वाढतो’ हे खरेच आहे; त्यासाठी लागणारा करंट त्या ॲम्पमधून निघू शकतो का, एवढाच प्रश्न आहे.

## १. तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर, १० ओहम १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर, दीड व्होल्टचा एक सेल, वायर सोलायचा कटर, चिकटपट्टी आणि पेन. असेंबल केलेला किंवा नुकताच दुरुस्त होऊन आलेला ॲम्प असेल तर सिरीज बोर्डही हवा, म्हणजे १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सप्लायच्या फेज वायरमध्ये मालिकेत घेतलेला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

सगळे मोजमाप स्पीकरची वायर ॲम्पपासून पूर्ण काढून करायचे. ॲम्प नुसता बंद करून मोजले तर मीटर ॲम्पच्या आतूनही मोजतो आणि आकडा खोटा येतो. ही चूक इतक्या वेळा होते की पुढे ‘माझा ८ ओहमचा स्पीकर २ दाखवतो’ अशी तक्रार आली तर आधी वायर सुटी आहे का तेच विचारावे.

## २. ॲम्पची मर्यादा शोधा

कंपनीचा ॲम्प असेल तर मागच्या बाजूला स्पीकर टर्मिनलजवळच छापलेले असते. ए आणि बी असे दोन जोड असतील तर नीट वाचा. ‘ए किंवा बी’ला ४ ते १६ ओहम आणि ‘ए अधिक बी’ला ८ ते १६ ओहम असे वेगवेगळे दिलेले असते. कारण दोन्ही एकदम चालू केले की बहुतेक ॲम्पमध्ये दोन्ही जोड्या आतून पॅरलल (अधिकला अधिक, उण्याला उणे) होतात. ‘ए अधिक बी’ला ८ लिहिले असेल तर प्रत्येक बॉक्स ८ ओहमचा हवा, ६ चे बॉक्स तिथे चालणार नाहीत.

काही होम थिएटर रिसीव्हरना मागे किंवा सेटिंगमध्ये ओहमचा स्विच असतो. तो स्पीकरशी काही ‘जुळवून’ देत नाही. आतला सप्लाय किंवा आउटपुट कमी करतो, म्हणजे कमी ओहमला उष्णता आटोक्यात राहते आणि पॉवरही घटते. हा स्विच ॲम्प बंद असतानाच बदला.

असेंबल केलेल्या ॲम्पवर काहीच लिहिलेले नसते. तिथे झाकण उघडून दोन गोष्टी बघाव्या लागतात: ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुटची आयसी किंवा ट्रान्झिस्टर. प्लग भिंतीतून काढा आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्टेज मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री झाल्यावरच आत हात घाला.

ट्रान्सफॉर्मरवरून डीसी सप्लाय असा काढा: एका बाजूचे एसी व्होल्ट गुणिले १.४१, त्यातून सुमारे १ व्होल्ट वजा. १२-०-१२ ला साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट, १८-०-१८ ला २४.५, २४-०-२४ ला ३३. ट्रान्सफॉर्मर किती अँपिअरचा हेही बघा. १२-०-१२, ३ अँपिअर म्हणजे २४ गुणिले ३, ७२ व्हीए. उष्णतेत जाणारा भाग सोडला तर दोन्ही चॅनल मिळून ४०-४५ वॉटच्या पुढे सलग काही मिळणार नाही, मग पुढच्या पट्टीवर पीएमपीओचे (जाहिरातीसाठी फुगवलेल्या वॉटचे) कितीही हजार छापलेले असोत.

आता इथली सगळ्यात नेहमीची जोडी घेऊ. टीडीए ७२९४ चा बोर्ड आणि २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर. या आयसीच्या डेटाशीटमध्ये ७० वॉटसाठी दिलेला सप्लाय ८ ओहमला अधिक-उणे ३५ व्होल्ट, ६ ओहमला ३१ आणि ४ ओहमला २७ आहे. ओहम उतरले तसा सप्लायही उतरवलेला आहे, हे ध्यानात घ्या. २४-०-२४ वर मिळणारे ३३ व्होल्ट ८ ओहमला ठीक. तिथेच ४ ओहमचे बॉक्स लावले तर आयसी तापून आपोआप आवाज बंद करणार आणि शेवटी जाणार. ४ ओहमचेच बॉक्स वापरायचे असतील तर १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घ्या. आवाजात फारसा फरक पडत नाही, आयुष्यात खूप पडतो.

त्यातही गावाकडचे व्होल्टेज धरून चाला. शेतातले पंप चालू असताना ते पडते आणि रात्री विजेचा वापर उतरला की चढते. घरात २५० व्होल्ट आले की २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर २६ च्या वर देतो आणि सप्लाय ३६ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून रात्री एकदा सॉकेटचे व्होल्टेज मोजा आणि हिशेब त्या आकड्यावर करा, २३० वर नाही.

सी ५२०० आणि ए १९४३ ट्रान्झिस्टरच्या बोर्डला जोड्या मोजा. एका चॅनलला एकच जोडी आणि सप्लाय अधिक-उणे ४० च्या आसपास किंवा वर असेल तर तो ८ ओहमचा ॲम्प समजा. ४ ओहमसाठी तिथे दोन जोड्या हव्यात आणि हीटसिंकही तसा.

१२ व्होल्टवर चालणारा एलए ४४४० चा बोर्ड वेगळा. तो ४ ओहमसाठीच बनलेला आहे: स्टीरिओ जोडणीत चॅनलमागे सुमारे ६ वॉट, ब्रिज जोडणीत (दोन चॅनल मिळून एक) सुमारे १९. अशा एकेरी सप्लायच्या ॲम्पमध्ये स्टीरिओ जोडणीत आउटपुटला मालिकेत कपॅसिटर असतो आणि ओहमचा त्याच्याशी थेट संबंध आहे. १००० मायक्रोफॅरडला ८ ओहमचा स्पीकर लावला तर २० हर्ट्झपासून बास मिळतो; तिथेच ४ ओहमचा लावला की ४० हर्ट्झच्या खालचा बास उतरायला लागतो. ‘नवा वूफर लावला आणि बासच गेला’ याचे कारण पुष्कळदा हेच. कपॅसिटर २२०० चा करा, व्होल्टचे रेटिंग आधी होते तेवढे किंवा जास्त ठेवा.

तपासा: पुढे जाण्याआधी ॲम्पच्या मागे चिकटपट्टीवर लिहा, ‘किमान ८’ किंवा ‘किमान ४’. खात्री होत नसेल तर ८ लिहा.

## ३. स्पीकरचे ओहम मोजा

मॅग्नेटमागे छापलेला आकडा असेल तरी मोजाच. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) आणि कॉइल बदलून आलेल्या स्पीकरमध्ये मूळ कॉइलच्याच ओहमची कॉइल घातलेली असते असे नाही.

मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ०.२ ते ०.५ ओहम येतील, ते प्रत्येक मापातून वजा करायचे. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये अर्ध्या ओहमची चूक म्हणजे मोठी चूक. मग स्पीकरच्या दोन टोकांवर प्रोब घट्ट धरा. कोनला हात लावू नका, कोन हलला की आकडा नाचतो.

मीटरवर येणारा आकडा हा कॉइलचा डीसी रेझिस्टन्स आहे. तो नेहमी लेबलपेक्षा कमी येतो, साधारण ७० ते ८५ टक्के. ५.५ ते ७ आला तर स्पीकर ८ ओहमचा. ४ ते ५ आला तर ६ चा. ३ ते ३.६ आला तर ४ चा. ११ ते १३ आला तर १६ चा. ६.२ आला म्हणून स्पीकर ६ ओहमचा म्हणू नका. तो ८ चाच आहे.

मीटरवर नुसता डावीकडे १ किंवा ‘ओएल’ राहिला तर कॉइल तुटली आहे, किंवा स्पीकरला मालिकेत कपॅसिटर आहे. डीसी कपॅसिटरमधून जात नाही, म्हणून कपॅसिटरसकट ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) मोजला की तो तुटल्यासारखाच दिसतो. कपॅसिटरच्या पलीकडे, थेट ट्विटरच्या टोकांवर मोजा. पिझो ट्विटर कसाही मोजला तरी उघडाच दाखवणार.

काही ठिकाणी हमखास फसगत होते. गाडीचे ओव्हल स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. काही कंपन्यांच्या होम थिएटर संचातले छोटे स्पीकर ३ ओहमचे असतात. ते त्यांच्याच ॲम्पसाठी बनवलेले, दुसऱ्या ८ ओहमच्या ॲम्पवर त्यांना जागा नाही. गाडीच्या सबवूफरला कधी दोन कॉइल असतात: दोन्ही ४ च्या असतील तर मालिकेत ८ आणि पॅरललमध्ये २. घरच्या ॲम्पला त्या मालिकेतच जोडा, पहिल्या कॉइलचा उणे दुसऱ्याच्या अधिकला.

### अधिक नेमके मोजायचे असेल तर

संगीत वाजताना स्पीकरचे ओहम स्थिर नसतात, स्वराबरोबर बदलतात. ८ ओहमचा स्पीकर अनुनादाच्या जागी (ज्या स्वराला कोन आपसूक सगळ्यात सहज हलतो तिथे) २०-३० ओहमही दाखवतो आणि त्याच्या थोडे वर, बहुधा १५० ते ४०० हर्ट्झमध्ये, सगळ्यात खाली येतो. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे ही सगळ्यात खालची जागा लेबलच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी नसावी: ८ ला ६.४, ६ ला ४.८, ४ ला ३.२. लेबल नसलेल्या बॉक्ससाठी ही तळाची जागा मोजणे हाच खात्रीचा मार्ग.

१० ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या अधिक वायरमध्ये मालिकेत घ्या आणि ही जोडी ॲम्पच्या एका चॅनलला लावा. मोबाइलवर टोन जनरेटरचे कोणतेही ॲप घेऊन २०० हर्ट्झचा साधा सूर द्या आणि ॲम्पचा आवाज अगदी बारीक ठेवा. मीटर एसी व्होल्टवर. आधी रेझिस्टरवरचे व्होल्ट, मग स्पीकरवरचे. स्पीकरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरचे व्होल्ट, गुणिले १०. रेझिस्टरवर ०.६२ आणि स्पीकरवर ०.४१ आले तर ६.६ ओहम. असेच १००, १५०, ३०० आणि ४०० ला मोजा. सगळ्यात लहान आकडा तो तुमच्या हिशेबाचा. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी नीट मोजत नाहीत, तेव्हा त्यापुढच्या आकड्यावर विसंबू नका. क्लास डी च्या (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) बोर्डवरही काही मीटर भरकटतात. हे माप साध्या जुन्या ॲम्पवर घ्या.

## ४. एका चॅनलवरचा एकूण लोड काढा

पॅरलल म्हणजे अधिकला अधिक, उण्याला उणे. ओहम घटतात. मालिकेत म्हणजे एकाचा उणे दुसऱ्याच्या अधिकला. ओहम वाढतात, नुसती बेरीज.

दोन ८ पॅरलल केले की ४. दोन ६ चे ३. दोन ४ चे २. तीन ८ चे २.७. वेगवेगळे असतील तर गुणाकार भागिले बेरीज: ८ आणि ४ पॅरलल म्हणजे ३२ भागिले १२, २.७. याच जागी लोक ‘सरासरी ६ होईल’ असे धरून चालतात. पॅरललचा लोड नेहमी सगळ्यात लहान स्पीकरपेक्षाही कमी असतो, हे एवढे पाठ करा.

चार बॉक्स एका चॅनलवर घ्यायचेच असतील आणि सगळे ८ ओहमचे असतील तर दोन-दोन मालिकेत करा, त्या दोन जोड्या पॅरलल करा. एकूण परत ८ येतात. चारही सारखेच हवेत.

मालिकेत वेगळ्या जातीचे स्पीकर लावू नका. ४ आणि ८ मालिकेत लावले तर ८ चा दुप्पट पॉवर घेतो, ४ चा मागे पडतो. शिवाय दोघांचे ओहम स्वराबरोबर बदलत असल्याने एकाचा आवाज दुसऱ्यामुळे बिघडतो. आवाजही उतरतो: ८ ला ५० वॉट देणारा ॲम्प मालिकेतल्या दोन ८ ना मिळून २५ च देतो, प्रत्येकाला साडेबारा.

एक उलटी चूकही आहे. बॉक्समध्ये ८ चा वूफर आणि कपॅसिटरमागे ८ चा ट्विटर असेल तर तो बॉक्स ४ चा होत नाही, ८ चाच राहतो. वूफर खालचे स्वर घेतो, ट्विटर वरचे. एका स्वराला दोघेही पूर्ण करंट ओढत नाहीत. मात्र वूफरसमोर वरचे स्वर अडवणारी वेगळी कॉइल नसेल आणि तो थेट जोडलेला असेल तर वरच्या स्वरांना लोड थोडा उतरतो. दोन वूफर पॅरलल असतील तर मात्र ४ धरायचे.

ट्विटर किंवा वूफर बदलताना ओहम बदलले तर क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटण्याची जागा) हलतो. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर साधारण ४२०० हर्ट्झपासून सुरुवात करून देतो. तिथे ४ ओहमचा ट्विटर लावला तर सुरुवात ८५०० वर जाते, मधले स्वर पोकळ होतात आणि गाणाऱ्याचा आवाज दबल्यासारखा येतो. ४ ओहमला १० मायक्रोफॅरडचा घ्या. वूफरसमोरच्या त्या कॉइलचे उलटे: ८ च्या जागी ४ चा वूफर आला की त्याची वरची हद्द निम्म्यावर येते. तयार क्रॉसओव्हर बोर्ड घेताना तो किती ओहमसाठी आहे हे म्हणूनच विचारा.

सावधान: ‘४ च्या स्पीकरला मालिकेत ४ ओहमचा रेझिस्टर लावा, ८ झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ओहम ८ होतात, पण निम्मी पॉवर रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. ५० वॉटच्या ॲम्पवर रेझिस्टरला २५ वॉट सोसायचे. १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लाकडी बॉक्समध्ये घालणे म्हणजे आगीला जागा करून देणे. शिवाय ॲम्पची वूफरवरची पकड सुटते आणि बास गुरगुरतो. योग्य ओहमचा स्पीकर घेणे किंवा ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर बदलणे हाच यावर उपाय.

## ५. वायर

सोप्यातला ॲम्प आणि पडवीतला किंवा अंगणातला बॉक्स यांत सरळ अंतर सहा मीटर असले तरी कौलारू घरात तुळईवरून वायर फिरवली की दहा मीटर सहज होतात. करंट जाऊन परत येतो, म्हणून रेझिस्टन्स वीस मीटरचा धरायचा. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरला मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम, म्हणजे या अंतराला ०.३५. दीडच्या वायरला ०.२३, अडीचच्या वायरला ०.१४.

वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा: ८ ला ०.४, ४ ला ०.२. म्हणजे दहा मीटरला ८ ओहमचा बॉक्स १ चौरस मिलिमीटरवर चालेल, ४ ओहमच्या बॉक्सला २.५ ची वायर हवी. बेलची किंवा चार्जरची बारीक वायर कोणत्याच बॉक्सला नको. घरच्या वायरिंगची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर यासाठी उत्तम. बाजारात मिळणारी स्वस्त लाल-काळी चपटी वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. सुरीने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर एक माप जाड घ्या.

## ६. जोडणीचा क्रम

१. ॲम्पचा प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

२. स्पीकरचे अधिक-उणे दीड व्होल्टच्या सेलने ठरवा. सेलचा अधिक स्पीकरच्या अधिकला क्षणभर टेकवा; कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. ट्विटरवर हा प्रयोग करू नका. एका बॉक्सचे अधिक-उणे उलटे झाले तर ओहम बरोबर असूनही बास गायब होतो आणि लोक ॲम्पला दोष देतात.

३. वायर सोलताना साधारण एक सेंटिमीटर तार उघडी ठेवा, घट्ट पिळा. एकही तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. स्प्रिंग क्लिपमध्ये दोन बॉक्सच्या वायरी कोंबणे हे शॉर्टचे नेहमीचे ठिकाण. दुसरा बॉक्स जोडायचाच असेल तर बाहेर कनेक्टर पट्टीवर जोड घ्या आणि एकच वायर ॲम्पपर्यंत न्या.

४. आधी बॉक्सकडचे टोक जोडा. मग ॲम्पकडच्या सुट्या टोकांवर मीटर लावा. इथे जो आकडा येतो तोच ॲम्पला दिसणार आहे: ८ च्या एका बॉक्सला ५.५ ते ७, अधिक वायरचे थोडे. ३ च्या खाली आला तर थांबा. वायर शॉर्ट आहे किंवा कुठेतरी पॅरलल चुकला आहे.

५. ॲम्प स्पीकरविना चालू करून प्रत्येक चॅनलच्या आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगले. १०० च्या वर गेले तर मेकॅनिकला दाखवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्पीकर लावूच नका, कॉइल जळेल. असेंबल ॲम्प असेल तर हे माप सिरीज बोर्डवर घ्या: बल्ब क्षणभर पेटून मंद व्हायला हवा, लख्ख पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्पला मात्र ही पायरी लागू नाही. तो स्पीकरविना कधीच चालू करायचा नाही आणि त्याच्या ४, ८, १६ च्या टॅपवर (प्रत्येक ओहमसाठीच्या वेगळ्या टर्मिनलवर) त्याच ओहमचा स्पीकर लागतो.

६. प्लग काढा, स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि मगच चालू करा.

सावधान: टीपीए ३११६ सारखे क्लास डी बोर्ड आणि ब्रिज जोडणीचे ॲम्प यांत स्पीकरचा उणे म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. अशा ॲम्पचे दोन उणे एकत्र करून तीन वायरींत दोन बॉक्स जोडले की बोर्ड गेला.

## ७. पहिला अर्धा तास

नेहमीच्या आवाजावर अर्धा तास गाणे चालू द्या. मग प्लग काढून हीटसिंकला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर लोड कमी ओहमचा आहे किंवा हीटसिंक लहान.

ढोलकीच्या थापेला किंवा बासच्या ठोक्याला ‘टक’ असा आवाज होऊन गाणे तुटत असेल तर संरक्षणाचा रिले पडतो आहे. लोड परत मोजा. आवाज वाढवल्यावर फाटत असेल तर तिथेच थांबा, कारण फाटलेल्या आवाजात वरच्या स्वरांची पॉवर वाढते आणि आधी ट्विटर जातो. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा लावा. जागी तार पिळली की पुढचा फ्यूज म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर.

## ८. सणासुदीच्या जोडण्या

ब्रिज: दोन चॅनल मिळून एक केल्यावर प्रत्येक अर्ध्याला स्पीकरचे निम्मेच ओहम दिसतात. स्टीरिओत किमान ४ असेल तर ब्रिजला किमान ८. ब्रिजवर दोन ८ पॅरलल लावणे म्हणजे प्रत्येक अर्ध्यावर २.

एकाच बॉक्सला दोन ॲम्प, टीव्हीचा होम थिएटर आणि जुना ॲम्प, नुसते वायरींनी जोडून ठेवू नका. एक ॲम्प दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये करंट ढकलतो. प्रत्येक बॉक्सला दोन्ही वायरी तोडणारा चेंजओव्हर स्विच लावा.

देवळातला किंवा भजनी मंडळाचा पीए (सभा-कार्यक्रमाचा) ॲम्प घरी आणला तर टर्मिनल वाचल्याशिवाय काहीही जोडू नका. त्यावर ४, ८, १६ ओहमच्या टॅपबरोबर ७० आणि १०० व्होल्ट लाइनचीही टर्मिनल असतात. ८ ओहमचा घरचा बॉक्स १०० व्होल्टला लावला तर तो साडेबारा अँपिअर मागतो. कॉइल किंवा ॲम्प, एक तरी जातो. घरचा बॉक्स त्याच्या ८ च्याच टॅपवर. याच्या उलट, १०० व्होल्टचा लाइन ट्रान्सफॉर्मर असलेला कॉलम स्पीकर घरच्या ॲम्पला लावला तर १५ वॉटच्या टॅपवर तो सुमारे ६६७ ओहमचा दिसतो आणि कुजबुजल्याइतकाच वाजतो; तो बिघडलेला नसतो. भोंग्याचे युनिट साधारण १६ ओहमचे, म्हणजे ओहमच्या बाजूने घरच्या ॲम्पला धोका नाही. पण बास कापल्याशिवाय वाजवले तर त्याचा डायफ्रॅम तुटतो.

कार्यक्रम संपला की जादा बॉक्स त्याच दिवशी काढा. उचगाव काय, येळ्ळूर काय, गणपतीनंतर विसरलेला अंगणातला बॉक्स आणि पुढे दिवाळीत गेलेला चॅनल ही जोडी ठरलेली आहे.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आणि एकूण खानापूर तालुक्यात पावसाळा सरल्यावर स्प्रिंग क्लिप उघडून बघा. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर तेवढा तुकडा कापून नवी तार सोला, क्लिपचा पत्रा बारीक सँडपेपरने घासा आणि ॲम्पकडच्या टोकावर ओहम पुन्हा मोजा. जोडणीच्या वेळी इथे आलेल्या आकड्यापेक्षा एक ओहम जास्त आला तर एखादा जोड अजून सैल किंवा गंजलेला आहे.